वऱ्हाडातील शाळा आणि कादंबरीतली माणसे

मराठी कादंबरी आधी आली, तिच्यातला माणूस मागाहून. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) विधवांची दुःखे पुढे असतात, पात्रांचे स्वभाव मागे. १८९०पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' या साप्ताहिकातून येऊ लागली आणि तिची नायिका यमू स्वतःच बोलू लागली. तिच्या सासरचे शंकरमामंजी कसे आहेत, हे तिच्या नजरेतून, त्यांच्या घरातल्या वागण्यावरून उमगते.

शाळेत मात्र कादंबरी आली ती उताऱ्यापुरती. 'स्वभाववैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाला कष्टाळू, प्रेमळ, स्वाभिमानी अशी विशेषणे पाठ करून उत्तर देता येते. माणूस प्रसंगागणिक बदलतो कसा, हे मात्र उताऱ्यात मावत नाही. एका वाक्यात संपणारी पात्रे आणि वाचकाला चकित करणारी पात्रे हा ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली मांडलेला भेद अख्खी कादंबरी वाचल्याशिवाय पटणे कठीणच.

वऱ्हाडात, वणीशेजारच्या मारेगाव तालुक्यात, ही अडचण आणखी खोल आहे. हा मुलूख १९५६पर्यंत मध्यप्रदेशात होता. पुढे महाराष्ट्र झाला, १९६६मध्ये राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ आले आणि पुण्याहून ठरणारा अभ्यासक्रम येथे पोचला. घरी वऱ्हाडी, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कोलामी ही द्राविडी भाषा, पुस्तकात प्रमाण मराठी. यमू समजण्याआधी तिचे ब्राह्मणी घरच समजावून द्यावे लागते.

या मुलांसाठी उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) अधिक जवळची. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत. नायिका कौतिकची जिद्द लेखकाने विशेषणांनी सांगितलेली नाही. ती नवऱ्याशी, महादेवाशी, कशी बोलते आणि मुलांशी कशी, एवढे शेजारी ठेवले तरी तिचा स्वभाव वर्गापुढे उभा राहतो. व्यक्तिरेखा शिकवण्याची याहून चांगली रीत क्वचितच सापडेल.

वर्गाबाहेरही या भागात व्यक्तिरेखांचा विचार होत असे. वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य राम शेवाळकर रामायण-महाभारतातील व्यक्तिरेखांवर व्याख्याने देत. माणसाचे मोठेपण आणि त्याची चूक एकत्र तोलण्याचा तो संस्कार वर्गातल्या गुणांच्या यादीपेक्षा फार श्रीमंत होता.

पुढे वर्गातही थोडा बदल झाला. २०२०च्या बारावीच्या 'युवकभारती' या पाठ्यपुस्तकात कथा हा साहित्यप्रकार अभ्यासाला आला. त्यात वऱ्हाडच्या प्रतिमा इंगोले यांची 'गढी' आहे. बापू गुरुजींची व्यक्तिरेखा तीत आरंभापासून शेवटपर्यंत पाहता येते. अख्ख्या कादंबरीसाठी मात्र शिक्षकाला अजूनही ग्रंथालयाकडेच वळावे लागते.