रंगवाटीचा इतिहास

एअरब्रशचा इतिहास बहुधा पेटंटांच्या क्रमाने सांगितला जातो. १८७६ साली फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली याने रंग फवारणाऱ्या एका उपकरणाचे पेटंट घेतले. पुढे काही वर्षांतच अमेरिकेच्या आयोवा राज्यातील ॲब्नर पीलर याने जलरंगांसाठी आपले निराळे उपकरण रचले. लिबर्टी वॉकप याने ते सुधारून बाजारात आणले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात चार्ल्स बर्डिकने घडवलेला, पेनासारखा बोटांत धरता येणारा एअरब्रश लोकांसमोर आला. ही वंशावळ खोटी नव्हे. मात्र या साधनाच्या एका भागाला तिच्यात जागा मिळत नाही. तो भाग म्हणजे रंग जिच्यात ओततात ती वाटी.

ज्यांनी हे साधन हाताळलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवे. दाबाखालची हवा बारीक तोंडातून वेगाने बाहेर पडते, तेव्हा त्या तोंडाशी दाब कमी होतो आणि रंग तिकडे ओढला जाऊन त्याचे तुषार होतात. रंगाची वाटी वर बसवली तर रंग आपल्या वजनानेच खाली उतरतो आणि कमी दाबावर, चार थेंबांतही काम भागते. बाटली खाली लावली तर रंग नळीतून वर चढावा लागतो. या बाटलीच्या झाकणाला एक बारीक भोक असावेच लागते. ते बुजले, की आत हवा शिरत नाही आणि रंग अडतो. नवशिक्याला हे कुणी सांगितले नसेल, तर तो दिवसभर नोझल खोलून धूत बसतो.

पीलरच्या उपकरणाकडे परत येऊ. जवाहिऱ्याच्या कामठ्यावर सापडणारे जुने पेचकस, झाळकामाच्या नळ्या अशा सुट्या जिनसांतून ते जुळवलेले होते. म्हणजे ज्याला आपण संशोधक म्हणतो, त्याने हाताशी होते त्यातूनच काम भागवले. साहित्याच्या अभ्यासकाला येथे क्लोद लेवी-स्ट्रॉस आठवणे स्वाभाविक आहे. १९६२ च्या ‘ला पाँसे सोवाज’मध्ये त्याने दोन प्रकारच्या कर्त्यांत भेद केला. एक, हाती असलेल्या अवशेषांतून नवी रचना करणारा ‘ब्रिकोलर’. दुसरा, हेतूनुसार साधने व साहित्य नव्याने योजणारा अभियंता. १९६६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील व्याख्यानात जाक देरिदाने या भेदावरच बोट ठेवले : सर्वस्वी नव्याने आरंभ करणारा अभियंता ही ब्रिकोलरनेच रचलेली मिथ्यकथा आहे. हे विधान आपल्याकडे बहुतेक वेळा केवळ भाषेच्या संदर्भात शिकवले जाते. पीलरच्या पेचकसावरही ते तितकेच लागू पडते. (‘ब्रिकोलर’ला मराठीत ‘जुगाडू’ म्हणण्याची पद्धत मला पटत नाही. जुगाडात वेळ मारून नेण्याचा भाव आहे. येथे प्रश्न नेमकेपणाचा आहे.)

या साधनाची कीर्ती मात्र नेमकी उलट गोष्टीसाठी झाली. हाताचा माग न ठेवणे हा त्याचा गुण. कुंचल्याचा फटकारा दिसत नाही, रंग पृष्ठभागावर जणू आपोआप उतरतो. म्हणूनच छायाचित्रांवर हात फिरवण्यासाठी ते आले आणि टिकले. १९१७ ते १९१९ च्या सुमारास मॅन रे याने त्याच्या साहाय्याने चित्रे केली. कॅनव्हासला जवळजवळ स्पर्श न करता चित्र काढण्याचा थरार त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवला. या अदृश्य हाताची काळी बाजूही आहे. स्टालिनच्या राजवटीत नकोशी झालेली माणसे छायाचित्रांतून नाहीशी केली गेली. कात्री आणि गोंदाच्या जोडीला तेथे एअरब्रशही होता. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी चालणारा येझोव्ह १९४० साली मारला गेला आणि चित्रात त्याच्या जागी पाणी उरले. डेव्हिड किंगने १९९७ च्या आपल्या पुस्तकात अशा छायाचित्रांच्या आवृत्त्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत.

असे हे हात पुसणारे साधन. आता हौशी माणसाच्या टेबलाशी जाऊ. प्लॅस्टिकची विमाने आणि आगगाड्या जोडून रंगवण्याचा छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावला, आणि एअरब्रश व्यावसायिकाच्या स्टुडिओतून घरात आला. कॉम्प्रेसर न परवडणारे मोटारीच्या जादा चाकात भरलेल्या हवेवर काम चालवीत. कंपनीची बाटली मात्र त्यांच्या कामाला मोठी पडे. नखाएवढ्या भागाला रंग द्यायचा, तर निम्मा रंग नळीतच राहायचा. एका कंपनीची नळी दुसरीच्या भोकात बसत नसे. म्हणून त्यांनी वाट्या केल्या. शिंप्याच्या अंगुस्तानाला भोक पाडून वाकवलेली पितळी नळी डाखाने जोडायची. इंजेक्शनच्या सिरिंजचे नळकांडे कापायचे. सांध्यावर इपॉक्सी भरून, वाळल्यावर घासायचे, कारण आतल्या कंगोऱ्यात अडकलेला निळा पुढच्या पिवळ्यात उतरतो. नळीचे टोक किंचित निमुळते हवे, म्हणजे ते आटे न पाडताही घट्ट बसते. किंचित म्हणजे किती, हे घासणाऱ्याच्या बोटांनाच कळते.

या वाट्यांतली मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती ३५ मिलिमीटर फिल्मच्या रिकाम्या डबीची. तिचे झाकण गच्च बसते, प्लॅस्टिक थिनरला सहजी दाद देत नाही, आणि डब्या फुकट मिळत. झाकणात दोन भोके पाडायची, एक नळीचे, एक हवेचे. आता पहिला पेटंटधारक स्टॅन्ली आठवावा. त्याचा आणि त्याच्या जुळ्या भावाचा छायाचित्रणाच्या ड्राय प्लेटचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी ईस्टमन कोडॅकने विकत घेतला. छायाचित्रांना रंग चढवण्यासाठी वाढलेल्या साधनाला शेवटी छायाचित्रणाच्याच कचऱ्यातून वाटी मिळाली. हा योगायोग कुणी योजलेला नाही, म्हणून तो इतिहासाला जवळचा वाटतो.

आपल्याकडे पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत अंगाचा रंग फवाऱ्याने देतात, परंतु डोळ्यांची आखणी कुंचल्यानेच होते. हात कोठे लपवायचा आणि कोठे दाखवायचा, याचा हा निर्णय कारागिरांनी कोणत्याही सिद्धान्ताविना घेतलेला आहे.

घरी केलेल्या वाट्या संग्रहालयात सहसा पोहोचत नाहीत. डाख सुटला, की त्या केरात जातात. डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मच्या डब्याही दुर्मीळ केल्या. आता हौशी मंडळी वाट्या, झाकणे आणि एअरब्रश अडकवायच्या घोड्या त्रिमिती मुद्रकावर छापून घेतात. अशा वाटीची फाइल असते, तिच्यावर कर्त्याचे नाव आणि सुधारणेचा क्रमांक असतो. वाटीला प्रथमच लेखक मिळाला आहे. मात्र ती एबीएस प्लॅस्टिकची असेल तर ॲसिटोनने धुऊ नये, विरघळते.