२७ जून १९८६ : निकाराग्वाचा निकाल

द हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या दिवशी अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना शस्त्रे, पैसा व प्रशिक्षण पुरवून आणि त्या देशाच्या कोरिंतोसारख्या बंदरांत सुरुंग पेरून अमेरिकेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला, असे १२ विरुद्ध ३ मतांनी ठरले. अध्यक्षस्थानी भारताचे न्या. नागेंद्र सिंह होते.

शेजारच्या एल साल्वादोरच्या रक्षणासाठी आपण उतरलो, हा अमेरिकेचा सामूहिक स्वसंरक्षणाचा बचाव न्यायालयाने फेटाळला. त्यासाठी घालून दिलेली कसोटी आजही लागू आहे. ज्याच्यावर सशस्त्र हल्ला झाला त्या देशाने तसे स्वतः जाहीर केले पाहिजे, मदतही त्यानेच मागितली पाहिजे. बंडखोरांना नुसती शस्त्रे पुरवणे म्हणजे सशस्त्र हल्ला नव्हे. बळाच्या वापरावरील बंदी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेपुरती नाही, रूढ कायद्यानेही ती सर्व देशांना बांधते, हा तर निकालाचा गाभाच.

अमेरिकेने निकाल मानला नाही आणि अंमलबजावणीचा ठराव सुरक्षा परिषदेत नकाराधिकाराने अडवला. भरपाईचा दावा निकाराग्वाने १९९१ मध्ये मागे घेतला. भरपाई न मिळणे हा अन्यायच होता. पण निकाल मोडीत निघाला नाही: २००५ मध्ये युगांडाने काँगोत केलेली लष्करी घुसखोरी बेकायदा ठरवताना न्यायालयाने त्याचाच आधार घेतला.