नसेच्या दुखण्यावर ‘करंट’: मासा ते मशीन

नागीण महिनाभरात सुकते, पण तिची आग काही जणांना वर्ष-वर्ष सोडत नाही. शुगरवाल्यांच्या तळपायाची जळजळ, कमरेतून पायात उतरणारी कळ, तीही तशीच चिवट. ब्राह्मणपुरी असो की शहादा, गोळ्या खाऊन थकलेल्या माणसाला कुणीतरी सांगतंच, ‘करंट लावून घ्या.’ हा करंट आला कुठून?

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्याने लिहून ठेवलंय: पायाच्या ठणक्यावर, समुद्रकाठी विजेचा झटका देणाऱ्या जिवंत माशावर पाय ठेवून उभं राहा, गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत विजेचे कंबरपट्टे निघाले. जाहिरात काय, तर सगळे रोग बरे! त्यामुळे चांगल्या डॉक्टरांचा यावरचा विश्वासच उडाला.

1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी कारण मांडलं. कोपर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं, का? स्पर्शाची खबर जाड तंतूंतून जाते, वेदनेची बारीक तंतूंतून. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे. स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेला वाट कमी मिळते. मग सौम्य विजेने जाड तंतू जागे केले तर? 1967 मध्ये वॉल आणि डॉ. स्वीट यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्याच्या नसेवर हे करून पाहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. शीली यांनी कॅन्सरच्या एका रुग्णाच्या कण्याजवळ विजेची तार बसवली.

आज ही शस्त्रक्रिया मुंबईत होते. जसलोकचे डॉ. परेश दोशी हे त्यातलं मोठं नाव. पण खर्च लाखांत. आपल्याकडे फिजिओथेरपीत कातडीवर पट्ट्या चिकटवून जे लावतात ते ‘टेन्स’. गंमत म्हणजे, शस्त्रक्रिया कुणाला उपयोगी पडेल हे आधी तपासायला शीली कातडीवरून करंट देऊन बघत. त्यातूनच टेन्स पुढे आलं.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. टेन्सने काहींना आराम पडतो, काहींना नाही. नसेच्या दुखण्यावर त्याचा पुरावा अजून कच्चा आहे आणि नस त्याने बरी होत नाही. पेसमेकर असेल, गरोदर असाल, पायाची संवेदनाच गेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. घरच्या लाइनचा प्रयोग तर कधीच नको.

आणि ‘सर्व रोगांवर एकच मशीन’ म्हणत कुणी दारात आलं, तर त्याला त्या कंबरपट्ट्यांची गोष्ट सांगा.