हिरव्या मेजाभोंवतीं

नृत्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गोकुळांतील रासक्रीडा तरी उभी राहते, नाहीं तर युरोपीय रंगभूमीवरील हंस आणि पऱ्या तरी. युद्ध, उपासमार, मुत्सद्द्यांचा दांभिकपणा हे विषय नृत्याला पेलतील काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. कुर्ट योस या जर्मन नर्तकानें तो विचारला, आणि त्याचें उत्तर घेऊन आपलें पथक देशोदेशीं हिंडविलें.

योस यांचा जन्म १९०१ सालचा. रूडोल्फ लाबान या आचार्यापाशीं त्यांचें शिक्षण झालें. १९२७ सालीं एसेन या कोळशाच्या आणि पोलादाच्या शहरीं फोल्कवांग विद्यालयाच्या स्थापनेंत त्यांनीं भाग घेतला व तेथेंच आपलें नर्तकपथक उभारलें. त्या काळीं जुन्या बॅलेचे अभिमानी शिस्तीला सर्वस्व मानीत. नव्या नृत्याचे पुरस्कर्ते तीच शिस्त बेडी समजत. योस यांनीं दोहोंचा समन्वय केला. बॅलेची शिस्त ठेविली. पण पायाच्या बोटांच्या टोंकावर नाचणें आणि केवळ टाळ्यांसाठीं घेतलेल्या गिरक्या टाकून दिल्या. ज्या हालचालीला अर्थ नाहीं तिला रंगभूमीवर स्थान नाहीं, हें त्यांचें धोरण होतें.

जुलै १९३२ मध्यें पॅरिस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत त्यांच्या 'हिरवें मेज' या रचनेला पहिलें पारितोषिक मिळालें. मध्ययुगीन चित्रांतील 'मृत्यूचें नृत्य' ही तिची प्रेरणा. संगीत फ्रिट्झ कोहेन यांचें, आणि तेंहि केवळ दोन पियानोंवर वाजणारें. फिरत्या मंडळीला हा साधेपणा सोयीचाच होता. आरंभीं काळ्या पोषाखांतील मुखवटेधारी गृहस्थ मेजाभोंवतीं वाटाघाटी करतात, लवून एकमेकांना वंदन करतात, आणि अखेर पिस्तुलें झाडतात. युद्ध सुरू होतें. शिपाई, निर्वासित, वृद्ध माता या साऱ्यांना मृत्यु आपल्या मागें नेतो; पण प्रत्येकाला त्याच्या त्याच्या रीतीनें. शिपायापुढें तो कठोर होतो, वृद्धेला मात्र हळुवार जवळ घेतो. प्रेतांच्या अंगावरील ऐवज लुबाडणारा नफेबाजहि त्याच्या हातून सुटत नाहीं. शेवटीं पुन्हा तेंच मेज, तेच गृहस्थ, तीच चर्चा.

१९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला, आणि पथकांतील ज्यू सहकाऱ्यांना, कोहेन यांनाहि, काढून टाकावें असें योस यांना बजावण्यांत आलें. त्यांनीं साफ नकार दिला. अटक होणार हें दिसतांच सारें पथक सीमा ओलांडून हॉलंडांत गेलें. हंगामाचा दौरा होता तो वनवास झाला. १९३४ मध्यें इंग्लंडांतील डार्टिंग्टन येथें त्यांना आश्रय मिळाला. तेथील यजमान लेनर्ड एल्महर्स्ट हे पूर्वीं रवींद्रनाथांसमवेत श्रीनिकेतनांत ग्रामसुधारणेचें कार्य केलेले गृहस्थ होते.

पुढें महायुद्ध पेटलें. पथक अमेरिकेच्या दौऱ्यावर, आणि योस इंग्लंडांत. ज्या जर्मनीनें त्यांना हांकलून दिलें, तिचेच नागरिक म्हणून १९४० सालीं इंग्रज सरकारनें त्यांना कांहीं महिने स्थानबद्ध केलें! पथक १९४२ मध्यें विखुरलें, केंब्रिजला पुन्हा जुळलें, आणि १९४७ मध्यें मोडलें. १९४९ सालीं योस एसेनला परतले व पुन्हा शिकवूं लागले. पुढें जगभर नांव झालेल्या पीना बाउश या त्यांच्याच शिष्या. योस १९७९ सालीं निवर्तले.

मग या सर्व खटाटोपाचें फलित काय? पथक गेलें, पण नृत्य राहिलें. लाबान यांच्या लेखनपद्धतीनें तें कागदावर उतरविलें गेलें होतें. १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या जॉफ्री मंडळीनें तें पुन्हा उभें केलें आणि त्यानंतरहि अनेक मंडळ्यांनीं केलें. त्यांतील वेष जुने झाले असतील, पण ते काळे गृहस्थ प्रत्येक पिढीला ओळखीचे वाटतात. हें त्या रचनेचें यश, आणि आपलें दुर्दैव. मात्र योस यांचा खरा धडा केवळ रंगभूमीवरचा नव्हे. मेजाशीं बसून सहकाऱ्यांचा सौदा करण्याची वेळ त्यांच्यावरहि आली होती. ते त्या मेजाशीं बसले नाहींत. म्हणूनच त्यांच्या नृत्याला मोल आलें.