दारू सोडायची आहे, पण मीटिंग कुठे? ए.ए. गट शोधण्यापासून पहिल्या दिवसापर्यंत

दारू सोडायचं ठरवणं आणि मदतगटाच्या दारात पाऊल ठेवणं, या दोन्हींच्या मध्ये अनेकांचे महिने जातात. गावात कुणी बघेल, नाव लिहून घेतील, पैसे मागतील, तिथली भाषा आपली नसेल, अशा शंका मनात असतात. बेळगाव-निपाणी असो, वडोदरा असो की हैदराबाद, मराठी घरांत या शंका सारख्याच. त्यातल्या बहुतेक माहितीअभावी आलेल्या असतात.

ए.ए. म्हणजे काय?

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच ए.ए., ही दारूतून बाहेर पडलेल्या आणि पडू पाहणाऱ्या माणसांची संघटना. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर या दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरलं, तिथून ती सुरू झाली. भारतात ती १९५७ पासून आहे. सभासद होण्याची अट एकच : पिणं थांबवण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही. मीटिंगमध्ये वर्गणीसाठी पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो टाकतो. नवख्यानं काही टाकलं नाही तरी कुणी विचारत नाही.

गट कसा शोधायचा?

ए.ए.चं भारतातलं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. संघटनेच्या संकेतस्थळावरून किंवा फोनवरून जवळच्या गटाची चौकशी करता येते. जागा आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी फोन करावा. गटाचा फोन उचलणारा बहुधा स्वतःच या वाटेनं आलेला असतो, त्यामुळे संकोच नको.

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ या दोन्ही मोफत आहेत. धारवाडची डिमहान्स, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग इथेही विचारता येईल. बऱ्याच मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात भरतात. ती फक्त जागा असते, ए.ए. कुठल्याही धर्माशी बांधलेली नाही.

ओळखीचं कुणी भेटलं तर?

मीटिंगला जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द नसते. चंदगडच्या माणसाला बेळगावात जाता येतं, बेळगावच्या माणसाला कोल्हापुरात, सावंतवाडीच्या माणसाला गोव्यात. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदाच म्हणायचा. प्रवास जमत नसेल तर ऑनलाइन मीटिंगही असतात. आणि ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

गुजरातेत दारूबंदी असल्यानं वडोदऱ्याच्या माणसाला पोलिसांची धास्ती वाटू शकते. पण ए.ए. सभासदांची यादी ठेवत नाही, आडनाव विचारत नाही, आणि कोण आलं होतं हे बाहेर सांगायचं नाही हा तिथला नियम आहे.

पहिल्या दिवशी काय होतं?

साधारण तास-दीड तासाची मीटिंग. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते, ‘ओपन’ला घरचेही येऊ शकतात. एकेक जण आपलं पहिलं नाव सांगून स्वतःची गोष्ट सांगतो. मधे कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. नवख्यानं नुसतं ऐकलं तरी चालतं. गट कन्नड, हिंदी, कोंकणी किंवा गुजराती चालत असेल तर ‘मराठीत बोललो तर चालेल का?’ असं आधीच विचारावं. निघताना दोघा-तिघांचे फोन नंबर घ्यावेत. घशाला कोरड पडली की ग्लासाआधी फोन उचलायचा, त्यासाठी ते असतात. पहिली मीटिंग भावली नाही म्हणून सोडून देऊ नये. चार-सहा वेळा जावं, दुसरा गटही बघावा.

आधी डॉक्टर, हे विसरू नका

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होणं, नसलेलं दिसणं, ताप, जोराची थरथर अशी लक्षणं दिसू शकतात. यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला ताबडतोब रुग्णालयात न्यावं. ए.ए. हा दवाखाना नाही. डॉक्टरांची औषधं आणि मीटिंग दोन्ही बरोबरीनं चालू शकतात.

घरच्यांसाठी

तो यायला तयार नसला तरी घरच्यांनी थांबायचं कारण नाही. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी १९५१ पासून अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. नवऱ्याच्या बाटल्या लपवणं, त्याची उधारी फेडणं, ऑफिसात खोटं सांगणं यातून बाहेर कसं पडायचं, ते अशा ठिकाणी त्याच अनुभवातून गेलेल्या बायकांकडून कळतं.

पाय घसरला तर

महिनाभर न पिता राहून एखाद्या लग्नात किंवा जत्रेत पुन्हा ग्लास हातात आला, असं अनेकांचं होतं. तेव्हा लाजेनं मीटिंग बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. दुसऱ्याच दिवशी परत जावं. तिथं जन्मभराची शपथ कुणी मागत नाही. ‘फक्त आजचा दिवस प्यायचं नाही’ एवढंच ठरवायचं, आणि उद्या पुन्हा तेच.