चिप बदलण्यापासून बायोस मारण्यापर्यंत

मदरबोर्डचा बायोस पहिल्यांदा बदलला गेला तेव्हा त्यात फाईल नव्हती, पेनड्राईव्ह नव्हता, फ्लॉपीसुद्धा नव्हती. आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्याचा बायोस अवघ्या ८ किलोबाइटचा, कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला. लवकरच लोकांना त्याला हार्ड डिस्क जोडावीशी वाटू लागली आणि अडचण उघड झाली. हार्ड डिस्कच्या कार्डावर तिची स्वतःची एक चिप असते. ती शोधून चालवण्याची सोय या पहिल्या बायोसमध्ये नव्हतीच. २७ ऑक्टोबर १९८२ ही तारीख पोटात असलेल्या बायोसमध्ये ती आली. मग आधी विकलेल्या यंत्रांचे काय? त्यांच्यासाठी आयबीएमने नवी चिपच विकायला ठेवली. पेटी उघडायची, जुनी चिप सॉकेटमधून उचकटायची, नवी चिप पाय न वाकवता दाबून बसवायची. बायोस अपडेटचा मूळपुरुष शोधत गेले की आपण या स्क्रूड्रायव्हरपाशी येऊन पोचतो.

त्याच्याही मागे एक पिढी आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ‘सीपी/एम’ ही प्रणाली लिहिली. त्या काळी प्रत्येक कंपनीचे यंत्र निराळे. कीबोर्ड वाचायची रीत निराळी, फ्लॉपीशी बोलायची रीत निराळी. दर यंत्रासाठी सगळी प्रणाली नव्याने लिहीत बसणे अशक्य होते. किल्डॉल यांनी यंत्राशी थेट बोलणारा भाग बाजूला काढला आणि त्याला बायोस म्हटले. नवे यंत्र आले की तेवढाच भाग बदलायचा. म्हणजे बायोस जन्मला तोच बदलता यावा म्हणून. सीपी/एममध्ये तो बहुधा फ्लॉपीवरूनच मेमरीत यायचा. यंत्र बनवणाऱ्याला, आणि जाणकार असेल तर वापरणाऱ्यालाही, त्यात हात घालता यायचा. आयबीएमने तो चिपमध्ये कोरला आणि तो अधिकार कारखान्याकडे गेला. तिथून पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे म्हणजे हा अधिकार पायरीपायरीने दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर परत येण्याची गोष्ट आहे, असे मी मानतो. ही गोष्ट सातारा-सांगलीतून पाहिली की जास्त स्पष्ट दिसते. जिथे कंपनीचे सर्व्हिस सेंटर म्हणजे पुणे, तिथे चिपमधला मजकूर कोणाला बदलता येतो यावर यंत्र किती दिवस बंद राहणार हे ठरते.

आयबीएमने बायोसचा सगळा कोड आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापला होता, पण त्यावर स्वामित्वहक्क होता. कॉम्पॅकने आणि १९८४ मध्ये फिनिक्सने तो न बघता, फक्त तो काय काम करतो याच्या वर्णनावरून, नव्याने लिहिला. पाठोपाठ अवॉर्ड आणि एएमआय आल्या. एएमआय १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या संस्थापकांत सुब्रमोनियन शंकर हे भारतीय नाव आहे. आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीवर सुरू होताना जी अक्षरे दिसत आली ती मुख्यतः याच कंपन्यांची.

या बायोसांना घर मिळाले ते ईप्रॉम चिपमध्ये. इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये शोधलेली ही चिप मला या सगळ्या कुळात सर्वांत देखणी वाटते. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असते आणि आत सिलिकॉनचा चौकोन उघडा दिसतो. त्या खिडकीतून अतिनील किरण पंधरा-वीस मिनिटे सोडले की आतला सगळा मजकूर पुसला जातो आणि प्रोग्रॅमर यंत्रावर चिप पुन्हा भरता येते. नको तेव्हा उजेड जाऊ नये म्हणून खिडकीवर कंपनीच्या नावाचे लेबल चिकटवलेले असायचे. उत्पादकाच्या कागदपत्रांत इशारा असे, की लेबल नसेल तर थेट उन्हात चिप सुमारे आठवड्यात पुसली जाईल आणि खोलीतल्या ट्यूबलाईटखाली सुमारे तीन वर्षांत. ते लेबल शोभेचे नव्हते, हे ज्यांनी कुतूहलाने सोलून पाहिले त्यांना कळले असेल.

ईप्रॉममुळे बदलाचा अधिकार कारखान्यातून कार्यशाळेत आला, पण कार्यशाळा मोठ्या शहरात. प्रोग्रॅमर आणि अतिनील दिव्याची पेटी असे साहित्य अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मायक्रोप्रोसेसर प्रयोगशाळांत असायचे. त्या दृष्टीने हा पट्टा अगदी कोरडा नव्हता: सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. पण बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला त्याचा रोजचा उपयोग काय?

त्या काळातल्या दुरुस्तीच्या टेबलाचे एक नाव सातारा जिल्ह्याशी जोडलेले आहे. कैलाश काटकर यांचा जन्म रहिमतपूरचा, वाढ पुण्यातली. १९८५ च्या सुमारास त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली, मग स्वतःचे दुकान काढले, मग कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुन्हा पुन्हा व्हायरसने बिघडून येतात हे पाहून धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ मध्ये त्यातून क्विक हील उभे राहिले. या कथेत ते नाव येते ते एवढ्यासाठी, की तोवर दुरुस्तीवाल्यांची खात्री होती: व्हायरस कितीही वाईट असो, तो डिस्कवर राहतो. डिस्क पुसली, विंडोज पुन्हा टाकले की यंत्र परत मिळते. चार वर्षांत ही खात्री मोडली.

ती मोडायला आधी फ्लॅश मेमरी यावी लागली. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली, इंटेलने १९८८ मध्ये बाजारात आणली आणि नव्वदीच्या पहिल्या काही वर्षांत ती मदरबोर्डांवर दिसू लागली. आता खिडकी नको, दिवा नको, चिप उपटणेही नको. डॉसमध्ये जाऊन फ्लॉपीवरचा छोटा प्रोग्रॅम चालवला की चिप जागच्या जागी पुसून पुन्हा लिहिता येई. अधिकार घरापर्यंत आला तो इथे. लोकांना त्याची गरजही लगेच पडली. नवी हार्ड डिस्क आणावी तर बायोस ८.४ जीबीच्या पुढे मोजत नसे. तो अडथळा गेला तर ३२ जीबीचा उभा. शिवाय दोन हजार साल जवळ येत होते, आणि वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरून चालणारे बायोस १ जानेवारीला काय करतील याची चिंता बँका, पतसंस्था आणि साखर कारखान्यांना होती.

याच सुमारास, १९९८ मध्ये, वारणा खोऱ्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. वारणानगरच्या सहकारी समूहाने केंद्र आणि राज्य सरकारच्या मदतीने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत संगणक केंद्रे उघडली. शेतकऱ्याने गावातच उसाचे वजन आणि बिलाचा हिशेब बघावा ही कल्पना. तिचे महत्त्व मी कमी मानत नाही. पण पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथे काही गावांत पीसी काढून त्याच माहितीसाठी मोबाईलचे एसएमएस वापरून पाहिले. कारण डेस्कटॉप सांभाळणे खर्चिक होते. गावातले यंत्र बंद पडले की ते कोणीतरी उचलून आणायचे, उघडायचे, परत पोचवायचे. मदरबोर्डवरची तीन व्होल्टची गोल बॅटरी उतरून बायोसच्या सेटिंग गेल्या तरी यंत्र सुरू होताना अडायचे.

आणि बायोस लिहिताना लाईट गेली तर? या प्रश्नाने या भागात फ्लॅशिंगची सगळी रीत घडवली. चिप पुसली आहे आणि नवा मजकूर अर्धाच उतरला आहे, अशा क्षणी वीज गेली की बोर्ड ‘नो डिस्प्ले’. कोयनेचे धरण सातारा जिल्ह्यात असले तरी भारनियमनाच्या वर्षांत इथल्या खेड्यापाड्यांतली लाईट तासन् तास जायची. शहाणा माणूस भारनियमनाची वेळ बघून, यूपीएस पूर्ण चार्ज करून मगच फ्लॉपी घालायचा. कंपन्यांनी चिपचा एक छोटा भाग कुलूपबंद ठेवून, बाकी सगळे बिघडले तरी फ्लॉपी वाचता येईल अशी सोय केली होती, पण अनेक बोर्डांवर त्या अवस्थेत पडदा दिसायला जुन्या आयएसए जातीचे डिस्प्ले कार्ड लागे. म्हणून जुनी कार्डे भंगारात न देणारा दुरुस्तीवाला त्या काळी मोलाचा.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख जुळल्याने त्याला तेच नाव पडले. तो जेमतेम एक किलोबाइटचा, इतर प्रोग्रॅमांच्या रिकाम्या जागांत लपणारा. त्याने हार्ड डिस्कचा पहिला भाग पुसलाच, पण जिथे जमले तिथे, विशेषतः इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर, फ्लॅश चिपमध्येही कचरा लिहिला. यंत्र सुरूच होईना, मग अँटिव्हायरसची सीडी घालणार कुठे? फ्लॅश मेमरीने घरी आणलेला अधिकार दार उघडे ठेवून आणला होता, हे त्या दिवशी कळले.

त्यातून दुरुस्तीवाल्यांनी जगभर जी युक्ती वापरली तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड घ्यायचा आणि डॉसपर्यंत सुरू करायचा. तोवर बायोसची प्रत मेमरीत गेलेली असते, त्यामुळे चिपची तात्पुरती गरज उरत नाही. मग चालू बोर्डावरूनच चांगली चिप उचलायची, तिच्या जागी मेलेली चिप बसवायची आणि फ्लॅश प्रोग्रॅम चालवायचा. चालू विजेत चिप तिरकी होऊन पाय टेकू नयेत म्हणून काही जण आधीच तिच्याखाली दोरा ओवून ठेवत. प्रोग्रॅमर यंत्र परवडत नसलेल्यांना या युक्तीने आपल्याच टेबलावर चिप जिवंत करता आली.

पुढे कंपन्याही शिकल्या. गिगाबाइटने बोर्डावर बायोसच्या दोन चिप्स बसवल्या. एक गेली तर दुसरी. २००५ मध्ये यूईएफआय मंच स्थापन झाला आणि जुन्या बायोसच्या जागी नवी रचना आली, अनेक बोर्डांवर कंपनीची सही असलेलीच फाईल स्वीकारणारी. नाव मात्र लोकांनी बायोसच ठेवले. असुसने २०११ च्या सुमारास असे बटण दिले, की प्रोसेसर आणि रॅम न लावता, फक्त एसएमपीएसची वीज असली की पेनड्राईव्हवरून बायोस लिहिला जावा.

या बटणाची खरी किंमत कळली ती ‘रायझन’ प्रोसेसरांच्या काळात. २०१७ पासून एएमडीने एकाच सॉकेटवर प्रोसेसरच्या अनेक पिढ्या आणल्या. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गिऱ्हाईक नवा प्रोसेसर आणि स्वस्त बोर्ड घेते. बोर्ड गोदामात जुना पडलेला, त्याचा बायोस प्रोसेसर ओळखत नाही, आणि बायोस बदलायला बोर्ड सुरू व्हावा लागतो. अशा गिऱ्हाइकांसाठी एएमडीने २०१८ मध्ये जुना प्रोसेसर उसना पाठवण्याची योजना काढली होती. दुकानदाराला ती वाट बघणे परवडत नाही, म्हणून एक जुना प्रोसेसर त्याच्या ड्रॉवरमध्ये कायमचा. पुढे इतक्या पिढ्या १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये मावेनात, तेव्हा एमएसआयने काही बोर्डांच्या बायोसमधला चित्रमय पडदा काढून साधा ठेवला. ८ किलोबाइटपासून इथवर दोन हजार पट वाढ, तरी जागा अपुरी.

‘चालतंय ना, मग बायोसला हात लावू नका’ हा जुना सल्ला भारनियमनाच्या दिवसांत योग्य होता. आता तो जसाच्या तसा देणे चूक आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे झिजत असल्याचे उघड झाले आणि ऑगस्टपासून त्याचा उपाय बायोस अपडेटमधूनच दिला गेला. झालेली झीज त्याने भरून येत नाही. वेळेवर टाकला तरच उपयोग. माझी तक्रार वेगळी आहे. तालुक्याच्या गावी जे सर्वांत स्वस्त बोर्ड खपतात, त्यांच्यावर ते बटण बहुधा नसते, दोन चिप्स नसतात, आणि चिप सॉकेटमध्ये नसून थेट सोल्डर केलेली असते. जिथे वीज सर्वांत बेभरवशाची तिथेच सुरक्षेची सोय सर्वांत कमी.

ही उणीव भरून काढली आहे ती सीएच३४१ए नावाच्या, काही शे रुपयांत मिळणाऱ्या यूएसबी प्रोग्रॅमरने. त्याला आठ पायांची क्लिप असते. ती बोर्डावरच्या बायोसच्या चिपला चिमटीसारखी लावायची, वीज बोर्डाची नव्हे तर प्रोग्रॅमरची, आणि लॅपटॉपवरून ‘बायोस मारायचा’, म्हणजे चिपवर नव्याने लिहायचा. चिप १.८ व्होल्टची असेल तर मध्ये अडॅप्टर हवाच, नाहीतर जळते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेले आणि मारुती रोड, गणपती पेठेतली दुकाने बुडाली. पाण्यातून निघालेला बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून, वाळवून, तरीही नो डिस्प्ले असेल, तर याच क्लिपने चिप वाचून बघणे ही दुरुस्तीतली एक पायरी असते.

चांगला कारागीर लिहिण्याआधी चिप दोनदा वाचतो, दोन्ही फाईली जुळतात का बघतो आणि जुनी फाईल जपून ठेवतो. कारण आता त्या चिपमध्ये बायोसबरोबर त्या एका बोर्डाची ओळखही असते: सिरियल नंबर, पुष्कळ बोर्डांवर नेटवर्कचा मॅक पत्ता, आणि ब्रँडेड यंत्र असेल तर विंडोजची किल्ली. दुसऱ्या बोर्डाच्या चिपमधून वाचलेली फाईल तशीच मारली तर यंत्र सुरू होते, पण मॅक पत्ता दुसऱ्याचा येतो आणि विंडोज ॲक्टिव्हेशन मागू लागते. म्हणून तो कंपनीच्या फाईलमध्ये जुन्या फाईलमधला तेवढा भाग शोधून बसवतो आणि मगच चिपवर लिहितो.