पहिला प्रश्न
खांदेश्वरहून ठाण्याला थेट लोकल जाते. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. १९१२च्या ‘लुनसी अ‍ॅक्ट’मध्ये दाखल होण्याचा मोठा रस्ता मॅजिस्ट्रेटच्या हुकमातून जायचा. पहिला प्रश्न असायचा: हा माणूस वेडा आहे का?

आज पहिल्या भेटीत थेरपिस्ट विचारतो: झोप लागते का? घरी कोण असतं? मग सरळच, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पण १८६०च्या दंडसंहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. खरं उत्तर देणार कोण? २०१७च्या कायद्याने अशा माणसाला आरोपी नव्हे, तीव्र ताणाखालचा मानलं आणि उपचार हा हक्क ठरवला.

‘लोक काय म्हणतील’ मात्र कुठल्याच कायद्याने रद्द होत नाही. म्हणून दार लावून का होईना, फोन करा: टेली-मानस, १४४१६. मराठीत बोलता येतं.